विल्नियस ते टालिन: सोव्हिएत संघ काठाकडून कसा उसवला

सोव्हिएत संघ कुठे मोडला हे पाहायचं असेल तर मॉस्कोचं तिकीट काढायची घाई करू नये. क्रेमलिनवरचा लाल झेंडा २५ डिसेंबर १९९१च्या संध्याकाळी उतरला. त्याआधी तीन महिने, १७ सप्टेंबरला, लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य झाले होते. कापड आधी काठाकडे उसवलं, मध्यावरची फाट नंतर दिसली. तो काठ आजही बस-रेल्वेने नीट पाहता येतो.

बेत असा: पोचण्याची रात्र धरून विल्नियसमध्ये चार रात्री, रीगात दोन, तार्तूत एक, टालिनमध्ये दोन. व्हिसा शेन्गेन. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा, म्हणून इथे लिथुआनियाकडे. दोन देशांतल्या रात्री सारख्या निघाल्या तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्या देशाकडे अर्ज जातो, आणि विमान मध्ये हेलसिंकी किंवा फ्रँकफर्टला बदलणार असेल तर खिडकीवर उगाच प्रश्नोत्तरं होतात. एक रात्र इकडची तिकडे केली की हा घोळ टळतो. प्रौढांची फी ९० युरो आहे आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तिन्ही देशांत युरोच चालतो.

मंगळवारी संध्याकाळी पोचावं. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, काही मंगळवारीही, त्यामुळे बुधवारपासून सुरुवात केली की पुढचं गणित जुळतं. ऋतू दोनच सुचवण्यासारखे आहेत, ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा मध्य. जानेवारीत दिवस जेमतेम साडेसात तासांचा, पदपथावर काचेसारखा बर्फ, आणि आपल्याकडचे स्पोर्ट्स शूज त्यावर हमखास घसरतात. पण १९९१च्या लष्करी हल्ल्याच्या स्मरणार्थ १३ जानेवारीच्या सुमारास पेटणाऱ्या शेकोट्या ऑगस्टमध्ये दिसत नाहीत.

उन्हाळ्यात घड्याळ भारताच्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन तास. या घड्याळालाही राजकारण आहे. मार्च १९८९मध्ये तिन्ही प्रजासत्ताकांनी मॉस्कोची वेळ सोडून स्वतःची वेळ लावली. स्वातंत्र्याचे ठराव त्यानंतर वर्षभराने आले.

दिवस पहिला, विल्नियस: कॅथीड्रल चौक ते सेइमास

कॅथीड्रल चौकातून सुरुवात करावी, कारण बाल्टिक साखळीचं हे दक्षिणेकडचं टोक. २३ ऑगस्ट १९८९ला संध्याकाळी सात वाजता सुमारे २० लाख माणसं इथपासून रीगामार्गे टालिनपर्यंत हातात हात घालून पंधराएक मिनिटं उभी राहिली. अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक. तिन्ही प्रजासत्ताकांची लोकसंख्या तेव्हा ८० लाखांच्या आसपास होती, म्हणजे चारांतला एक माणूस रस्त्यावर होता. ही साखळी भावनेच्या भरात आपोआप जुळली असं समजू नये. लिथुआनियातली सायूदिस ही चळवळ आणि बाकी दोन देशांतल्या लोकआघाड्या यांनी प्रत्येक तालुक्याला रस्त्याचा ठरावीक तुकडा वाटून दिला होता. बस पुरवल्या होत्या, आणि कुठे माणसं कमी पडताहेत हे रेडिओवरून सांगून फटी भरल्या जात होत्या. चुकलं ते वाहतुकीचं. गाड्या इतक्या झाल्या की हजारो लोक आपल्या जागी पोचलेच नाहीत, जिथे अडकले तिथेच उतरून उभे राहिले. चौकात एक खूणफरशी बसवली आहे. ती शोधायला घंटाघर आणि कॅथीड्रल यांच्यामधल्या भागात नजर खाली ठेवून फिरायचं, एवढंच.

तारीख २३ ऑगस्टच का, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा प्रवास त्यावर उभा आहे. त्याच तारखेला १९३९मध्ये मॉस्कोत मोलोतोव्ह आणि रिबेनट्रॉप या परराष्ट्रमंत्र्यांनी जर्मन-सोव्हिएत करारावर सह्या केल्या. कराराला गुप्त परिशिष्ट होतं. त्यात एस्टोनिया आणि लॅटव्हिया सोव्हिएत वाट्याला गेले. लिथुआनिया आधी जर्मनीकडे होता, तो २८ सप्टेंबरच्या दुसऱ्या परिशिष्टाने सोव्हिएतांकडे वळवला गेला. जून १९४०मध्ये लाल सैन्य आत आलं. मॉस्को पन्नास वर्षं म्हणत राहिलं की असं परिशिष्ट नाहीच. साखळीनंतर चार महिन्यांनी, २४ डिसेंबर १९८९ला, सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसनेच ते होतं असं मान्य करून त्याचा निषेध केला. परिशिष्टाची चौकशी करणाऱ्या याकोव्हलेव्ह आयोगाचं हे काम मॉस्कोबाहेर फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खरा टाका तिथे तुटला.

चौकातून गेदिमिनास मार्गाने पश्चिमेला चालत निघावं. दोनेक किलोमीटर सरळ, सपाट रस्ता. वाटेत लुकिश्केस चौक लागतो. इथला लेनिन २३ ऑगस्ट १९९१ला क्रेनने उचलला तेव्हा गुडघ्याखाली तुटला. वरचा लेनिन हवेत लटकतोय आणि पाय चौथऱ्यावर राहिलेत असे फोटो जगभर गेले.

रस्त्याच्या शेवटी सेइमास, म्हणजे संसद. ११ मार्च १९९०च्या रात्री इथे स्वातंत्र्याची पुनःस्थापना झाल्याचा ठराव १२४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, सहा जण तटस्थ राहिले. इथली कायदेशीर चाल समजून घेण्यासारखी आहे. सोव्हिएत राज्यघटनेच्या कलम ७२मध्ये प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा हक्क होता, पण तो वापरायचा कसा याचा कायदाच नव्हता. लिथुआनियाच्या ठरावानंतर तीन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, मॉस्कोने तो घाईघाईने केला: सार्वमतात दोन तृतीयांश मतं हवीत, आणि नंतर पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. लिथुआनियाच्या संसदेचे प्रमुख लांड्सबेर्गिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाटच धरली नाही. आम्ही फुटून निघत नाही, कारण कायदेशीर रीतीने आम्ही कधी आत आलोच नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. १९४०चा कब्जा बेकायदा, म्हणून १९१८चं राज्य अजून जिवंत. अमेरिकेनेही १९४०चं विलीनीकरण कधी मान्य केलं नव्हतं. पण स्वतंत्र देश म्हणून मान्यता द्यायची वेळ आली तेव्हा मोठे देश मागे राहिले आणि ११ फेब्रुवारी १९९१ला पहिला पुढे आला तो आइसलंड. जुन्या गावात त्याच्या नावाची गल्ली आणि आभाराची पाटी आहे.

एप्रिल १९९०मध्ये गोर्बाचेव्ह यांनी तेल तोडलं आणि गॅसचा पुरवठाही घटवला. ठरावाची अंमलबजावणी शंभर दिवस स्थगित ठेवायला लिथुआनिया तयार झाला तेव्हा, जूनअखेरीस, नाकेबंदी सुटली. संसदेच्या बाजूला १९९१च्या अडथळ्यांतले काँक्रीटचे तुकडे काचेखाली जतन केले आहेत. ते बाहेरून कुठल्याही वेळी पाहता येतात. आत जायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि मूळ पासपोर्ट जवळ हवा.

दिवस दुसरा, विल्नियस: मनोरा आणि तळघर

सकाळी कारोलिनिश्केसमधला टीव्ही मनोरा. मध्यवस्तीतून बसने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. उंची ३२६.५ मीटर, पाहण्याचा मजला १६५ मीटरवर. निघण्यापूर्वी खिडकीतून मनोऱ्याचं टोक दिसतंय का पाहावं. ढगात असेल तर वर जाण्याचे पैसे वाया जातात, कारण वरून फक्त पांढरं दिसतं. मात्र पायथ्याशी तरी जावंच.

जानेवारी १९९१च्या घटना अशा. ८ जानेवारीला दरवाढीवरून गोंधळ झाला आणि पंतप्रधान प्रुन्स्किएने यांनी राजीनामा दिला. १० तारखेला गोर्बाचेव्ह यांनी सोव्हिएत राज्यघटना पुन्हा लागू करा असं बजावलं. ११ला लष्कराने छापखान्याची इमारत घेतली. १३च्या पहाटे दोनच्या सुमारास रणगाडे आणि केजीबीची अल्फा तुकडी या मनोऱ्यावर आणि कोनार्स्कियो रस्त्यावरच्या टीव्ही केंद्रावर चालून आली. १४ नागरिकांचा जीव गेला. त्यांतली एकुलती एक स्त्री लोरेता असानाविच्यूते, वय २३, रणगाड्याखाली सापडली. शेकडो जखमी झाले. अल्फाचा एक सैनिकही मेला, बहुधा स्वतःच्याच बाजूच्या गोळीने. माणसं पडली त्या जागा मनोऱ्याभोवती खुणा करून ठेवल्या आहेत आणि आसपासच्या गल्ल्यांना त्यांची नावं आहेत. नकाशा न पाहता गल्ल्यांच्या पाट्या वाचत एक फेरी मारावी.

वेळ मुद्दाम निवडली होती का, यावर वाद आहेत. पण कुवेत सोडण्यासाठी इराकला दिलेली मुदत १५ जानेवारीला संपत होती आणि जगाचे कॅमेरे आखातात होते, हे सत्य.

या हल्ल्याचा उपयोग का झाला नाही, हे मनोऱ्याखाली उभं राहून नीट समजतं. मनोरा म्हणजे लाटा फेकणारं यंत्र, बातमी तो तयार करत नाही. विल्नियसचा पडदा काळा पडल्यावर थोड्याच वेळात कौनासच्या छोट्या स्टुडिओतून प्रक्षेपण सुरू झालं. लष्कराने एक खांब घेतला, दुसरा चालू राहिला. दुसरं म्हणजे संसदेभोवती त्या रात्री हजारो लोक होते. तिथे शिरायचं तर मनोऱ्याच्या अनेकपट रक्त सांडावं लागलं असतं, आणि तो हुकूम द्यायला मॉस्कोत कुणी तयार झालं नाही. मनोरा लष्कराच्या ताब्यात मॉस्कोतल्या ऑगस्ट १९९१च्या बंडापर्यंत राहिला, पण निरुपयोगी. फेब्रुवारीतल्या जनमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली.

१३ जानेवारीच्या सुमारास आलात तर सकाळी आठला खिडक्यांतून मेणबत्त्या दिसतात आणि लोकांच्या कोटावर निळ्या फुलाचा बिल्ला असतो. तो लावावा, परक्यांनी लावला तरी कुणाला खटकत नाही.

दुपारी गेदिमिनास मार्गावर परत. लुकिश्केस चौकासमोरच्या जुन्या केजीबी इमारतीत आता ताबा आणि स्वातंत्र्यलढ्यांचं संग्रहालय आहे. बाहेरच्या दगडांवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरली आहेत. आधी तळघर पाहावं, वरचे मजले नंतर. उलट केलं तर कागदपत्रांच्या दालनांतच दमून जाल आणि कोठड्या, पाण्याची शिक्षेची खोली, मृत्युदंडाची खोली घाईत उरकावी लागेल. किमान अडीच तास हवेत. लहान मुलांना तळघरात नेऊ नये.

जेवणाविषयी एकच सूचना. शाकाहारी असाल तर गुलाबी रंगाचं बीटाचं थंड सूप आणि उकडलेले बटाटे हा उन्हाळ्यातला उत्तम पर्याय, पण सूपमध्ये अंडं असतं, आधी सांगावं लागतं. बटाट्याचे मोठे लांबट गोळे ही इथली खासियत, त्यांच्या पोटात बहुतेक वेळा मांस असतं.

दिवस तिसरा: मेदिनिंकाय की ग्रूतास

दोन्ही एका दिवसात बसत नाहीत. ग्रूतास बाग विल्नियसपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, द्रुस्किनिंकायच्या अलीकडे. तिथे उखडलेले लेनिन, स्टालिन आणि स्थानिक कम्युनिस्ट पुढारी झाडीत मांडले आहेत. लुकिश्केस चौकातला तुटका लेनिनही तिथेच. काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे लावून तिला छावणीचं रूप दिलं आहे, आणि त्याच कुंपणात मुलांचे झोपाळेही आहेत. हद्दपार झालेल्यांच्या कुटुंबांना ती थट्टा वाटली तर नवल नाही.

वेळ एकाच जागेला असेल तर मेदिनिंकाय. विल्नियसहून मिन्स्ककडे जाणाऱ्या महामार्गावर तीसेक किलोमीटर. ३१ जुलै १९९१च्या पहाटे इथल्या लिथुआनियाच्या सीमाचौकीवर हल्ला होऊन सात जण मारले गेले, एकच वाचला. चौकी म्हणजे काय, तर रस्त्याकडेला उभा केलेला एक डबा. तो जसाच्या तसा बंदिस्त मंडपात ठेवला आहे. त्याच दिवशी मॉस्कोत बुश आणि गोर्बाचेव्ह अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट करारावर सह्या करत होते. हल्ला रीगाच्या ओमोन या विशेष पोलीस दलाने केल्याचं लिथुआनियाच्या न्यायालयांनी ठरवलं. सार्वजनिक वाहनं अगदी कमी, म्हणून जाऊन-येऊन टॅक्सी ठरवावी आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्यावा. सीमा अगदी लागून आहे आणि फोन बेलारुसचं नेटवर्क पकडू शकतो. ते युरोपीय संघाच्या रोमिंगमध्ये नाही, तेव्हा डेटा बंद ठेवावा. चौकीच्या दिशेने कॅमेराही धरू नये.

दिवस चौथा: विल्नियस ते रीगा

बसने चार-साडेचार तास. पानेवेझीस, पासवालीस, बाउस्का, म्हणजे १९८९च्या साखळीचाच रस्ता. सीमेवर नाका नाही, पण बसमध्ये कधीकधी तपासणी होते, म्हणून पासपोर्ट पोटातल्या सामानात टाकू नये. रीगाचं बसस्थानक मध्यवर्ती बाजाराच्या शेजारी आहे, तिथून जुनं गाव पायी दहा मिनिटांवर.

शनिवारी दुपारी पोचल्यावर बॅगा टाकून लगेच क्रामू रस्त्यावरचं १९९१च्या बॅरिकेडचं संग्रहालय गाठावं. छोटं आहे, तासाभरात होतं, आणि छोट्या संग्रहालयांच्या रविवारच्या वेळांवर भरवसा ठेवू नये.

दिवस पाचवा, रीगा

विल्नियसच्या रात्रीचा धडा रीगाने काही तासांत उचलला. १३ जानेवारीलाच लोकआघाडीने रेडिओवरून हाक दिली आणि खेड्यांतून ट्रॅक्टर, ओंडके वाहणारे ट्रक, काँक्रीटचे ठोकळे शहरात येऊ लागले. त्यांतली बरीच वाहनं सामूहिक शेतांची होती. सोव्हिएत राज्याने गोळा केलेल्या यंत्रसामग्रीनेच सोव्हिएत रणगाड्यांची वाट अडली. अडवलं काय, तेही पाहण्यासारखं आहे: यॅकब रस्त्यावरची संसद, मंत्रिमंडळाची इमारत, दौगावा नदीतल्या बेटावरचं टीव्ही केंद्र, आंतरराष्ट्रीय टेलिफोन एक्स्चेंज, उलब्रोकाचं रेडिओ प्रक्षेपण केंद्र. पाचांपैकी तीन दळणवळणाची. दोन आठवडे लोक पाळीपाळीने शेकोट्यांपाशी बसून राहिले. दोम चौकातल्या चर्चमध्ये दवाखाना थाटला होता.

या ठोकळ्यांनी रणगाडा थांबतो का? फार वेळ नाही. पण जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्यांत तो ढकलत जायचं तर वेळ लागतो, आवाज होतो, आणि मधल्या काळात कॅमेरे पोचतात. अडथळा त्यासाठी होता.

२० जानेवारीच्या संध्याकाळी ओमोनने गृहमंत्रालयावर हल्ला केला. पाच जणांचे प्राण गेले, त्यांत दोन पोलीस, एक विद्यार्थी आणि चित्रण करणारे दोघे, आंद्रिस स्लापिंश आणि ग्विदो झ्वाइग्झने. झ्वाइग्झने रुग्णालयात दोन आठवड्यांनी गेले. बास्तेइकाल्न्स बागेत ते पडले त्या जागी दगड आहेत. बाग सुंदर आहे, कालव्यात होड्या चालतात, त्यामुळे दगड सहज नजरेतून सुटतात. स्वातंत्र्यस्मारकाकडून बागेत शिरून पाऊलवाटेच्या कडा पाहत जावं.

स्वातंत्र्यस्मारक १९३५चं, उंची ४२ मीटर. सोव्हिएत काळात इथे फुलं वाहणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. १४ जून १९८७ला हेलसिंकी-८६ या लिएपायाच्या छोट्या गटाने ती उघडपणे वाहिली. दुपारी ब्रीविबास रस्ता ६१, म्हणजे केजीबीचं 'कोपऱ्याचं घर'. कोठड्या मार्गदर्शकासोबतच पाहता येतात. इंग्रजी फेरीची वेळ आदल्या दिवशी पक्की करावी.

लॅटव्हियाचा ठराव ४ मे १९९०चा. २०१ सदस्यांपैकी १३८ जणांनी बाजूने मत दिलं. ठरावाला दोन तृतीयांश मतं लागत होती, आणि ती रेघ जेमतेमच ओलांडली गेली. पाच-सहा मतं इकडची तिकडे झाली असती तर इतिहास वेगळ्या वळणाने गेला असता. कारण लोकसंख्येत आहे. १९८९च्या जनगणनेत लिथुआनियात लिथुआनियन सुमारे ८० टक्के होते, एस्टोनियात एस्टोनियन सुमारे ६१, आणि लॅटव्हियात लॅटव्हियन जेमतेम ५२. बाकी बहुतांश रशियनभाषक, युद्धानंतर कारखान्यांसाठी आणि लष्करासोबत आलेले.

'आमचं १९४०चं राज्यच पुढे चालू आहे' या युक्तिवादाची किंमत त्यांनी मोजली. लॅटव्हिया आणि एस्टोनियाने १९४०चे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व दिलं. बाकी लाखो लोक एका रात्रीत कुठल्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. लिथुआनियाने मात्र तिथे राहणाऱ्या सगळ्यांना दार उघडलं, त्याला ते परवडणारंही होतं. लॅटव्हियात 'अनागरिक' असा वेगळा पासपोर्ट आजही चालतो. कायदेशीर तर्क चोख होता, पण चाळीस वर्षं इथल्या गिरणीत राबलेल्या बाईला तो ऐकवणं कठीण. रशियनभाषकांतल्याही अनेकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं होतं, आणि बास्तेइकाल्न्समधले दोन पोलीस, व्लादिमिर गोमोनोविच आणि सेर्गेय कोनोनेंको, हीही स्लाव नावंच.

दौगावापलीकडच्या बागेतला ७९ मीटरांचा सोव्हिएत विजयस्तंभ पाहायला जाऊ नये. जुन्या नकाशांत तो आहे, पण २५ ऑगस्ट २०२२ला पाडला गेला.

दिवस सहावा: लीगात्ने, वाल्गा, तार्तू

प्रवासातला सर्वांत अवघड दिवस. रीगाहून वाल्गाकडे जाणारी गाडी सिगुल्दा, लीगात्ने, त्सेसिस, वाल्मिएरा या वाटेने जाते. गाड्या दिवसाला मोजक्याच, एक चुकली तर तार्तूचा मुक्काम हातचा गेला.

लीगात्नेत उपचारकेंद्राखाली नऊ मीटर खोल बंकर आहे, सुमारे २००० चौरस मीटरचा. अणुयुद्ध झालं तर लॅटव्हियाच्या पक्षनेतृत्वाने इथून राज्य करायचं होतं. १९८०च्या दशकात बांधला, २००३पर्यंत गुपित. यंत्रं, हवा गाळण्याची सोय, टेलिफोन, भिंतीवरचे नकाशे, सगळं जागेवर. तीन महिने बाहेरून काहीही न घेता चालेल अशी व्यवस्था. हल्ला बाहेरून येईल यासाठी इतकी तयारी, आणि सरकार गेलं ते वर जमिनीवर, सभागृहात हात वर करून. आधी आरक्षण केल्याशिवाय आत सोडत नाहीत. स्टेशन बंकरपासून लांब आहे, टॅक्सी रीगातूनच फोनवर ठरवून ठेवावी. मोठ्या बॅगा घेऊन हे जमत नाही. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी बंकर रीगातून वेगळा करावा किंवा भाड्याची मोटार घ्यावी.

वाल्गाला गाडी बदलते. गाव एकच, देश दोन: लॅटव्हियाच्या बाजूला वाल्का, एस्टोनियाच्या बाजूला वाल्गा. सोव्हिएत काळात ही रेघ फक्त नकाशावर होती. १९९१नंतर गल्लीत कुंपणं आली आणि २१ डिसेंबर २००७ला शेन्गेनमुळे पुन्हा गेली. रूळ पाहून घ्यावेत. रुंदी १५२० मिलिमीटर, म्हणजे रशियाचीच. युरोपच्या १४३५ मिलिमीटरचा रेल बाल्टिका मार्ग अजून बांधला जातोय.

दिवस सातवा: तार्तू ते टालिन

एस्टोनियाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१६मध्ये राआदी विमानतळाच्या धावपट्टीला जोडून उभं राहिलं. तिथे सोव्हिएत बाँबफेकी विमानांचा तळ होता, त्यामुळे तार्तू शहर परदेशी पाहुण्यांना बंद असे. इथल्या विमानदलाच्या विभागाचा प्रमुख जनरल होता जोखार दुदायेव्ह, पुढे चेचन्याचा पहिला अध्यक्ष. गावातल्या ज्या इमारतीत त्याची कचेरी होती तिथे आता हॉटेल आहे आणि भिंतीवर त्याची पाटी. दुपारच्या गाडीने टालिन, सुमारे दोन तास.

दिवस आठवा, टालिन

सकाळी सातला तोम्पेआ टेकडीवर जावं. पिक हर्मन बुरुजावर झेंडा सूर्योदयाला चढतो, मात्र सातच्या आधी नाही. २४ फेब्रुवारी १९८९ला इथे लाल झेंड्याच्या जागी निळा-काळा-पांढरा चढला. सोव्हिएत सत्ता जागेवर असताना, हे महत्त्वाचं. एस्टोनियाचा मार्गच तसा, पायरी-पायरीने: २३ ऑगस्ट १९८७ला टेकडीच्या पायथ्याच्या हिर्वे बागेत गुप्त परिशिष्ट छापा अशी मागणी करणारी सभा, ११ सप्टेंबर १९८८ला गाण्याच्या मैदानावर सुमारे तीन लाख लोक, १६ नोव्हेंबर १९८८ला सार्वभौमत्वाचा ठराव, साऱ्या संघात पहिला. म्हणजे सोव्हिएत कायद्यांपेक्षा आमचे कायदे वरचढ. पुढच्या दीड-दोन वर्षांत रशियासकट एकेका प्रजासत्ताकाने हाच नमुना उचलला.

इथेच एक गोष्ट मान्य करायला हवी. २८ कोटींहून अधिक लोकसंख्येचा संघ ८० लाखांनी मोडला नाही. १३ जानेवारी १९९१ला येल्त्सिन टालिनला आले आणि बाल्टिक नेत्यांबरोबर परस्परमान्यतेच्या निवेदनावर सही केली. रशियाचाच पुढारी संघाच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला. शेवटचा घाव १ डिसेंबरच्या युक्रेनच्या सार्वमताचा. बाल्टिकांनी हे करता येतं एवढं दाखवलं.

१९ ऑगस्टला मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झालं, कारण दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकांना अधिक अधिकार देणारा नवा संघ-करार सहीला ठेवला होता. २० ऑगस्टच्या रात्री ११ वाजून दोन मिनिटांनी तोम्पेआवरच्या संसदेत ६९ मतांनी स्वातंत्र्याचा ठराव झाला. प्स्कोव्हचे छत्रीसैनिक त्याआधीच शहराकडे निघाले होते.

दुपारी पिरितापलीकडच्या टीव्ही मनोऱ्यावर. उंची ३१४ मीटर, १९८०च्या ऑलिंपिकच्या नौकाशर्यतींसाठी बांधलेला. २१ ऑगस्टच्या सकाळी सैनिक खाली आले तेव्हा वर मोजके रेडिओ तंत्रज्ञ आणि युरी योस्त, उनो लोस्मा हे दोन पोलीस होते. लिफ्टच्या दारात काड्यापेटी अडकवली, दार मिटेना, लिफ्ट हलेना. जिना चढून आलेल्यांना सांगितलं, आत शिरलात तर आग विझवायचा फ्रिऑन वायू सोडू. बंदिस्त खोलीत तो भरला की प्राणवायू उरत नाही, आतल्यांनाही नाही. सैनिक थबकले, आणि दुपारपर्यंत मॉस्कोतलं बंडच कोसळलं. पाहण्याचा मजला २१वा, सुमारे १७० मीटरवर. खाली काचेच्या खिडक्या आहेत, उंचीची भीती असणाऱ्यांनी कडेने चालावं.

दिवस नववा: विरू आणि पाल्डिस्की

सकाळी विरू हॉटेलचा २३वा मजला. लिफ्ट २२वर संपते, पुढे जिना. पाहुण्यांचं बोलणं चोरून ऐकण्याच्या केजीबीच्या खोलीच्या दारावर रशियनमध्ये 'इथे काहीही नाही' अशी पाटी होती, ती अजून आहे. आरक्षण आठवडाभर आधी करावं, गट लहान असतात.

मग रेल्वेने पाल्डिस्की, तासाभराचा प्रवास. पाणबुड्यांवरच्या खलाशांना शिकवण्यासाठी इथे दोन अणुभट्ट्या होत्या आणि गाव कुंपणात बंद. स्वातंत्र्य १९९१ला मिळालं, पण रशियन सैन्य लिथुआनियातून ३१ ऑगस्ट १९९३ला गेलं, लॅटव्हिया-एस्टोनियातून बरोबर एक वर्षाने, आणि भट्ट्यांची जागा सप्टेंबर १९९५मध्ये एस्टोनियाच्या हाती आली. भट्ट्या काँक्रीटमध्ये बंद आहेत, आत जाता येत नाही. रूबल एस्टोनियाने सर्वांत आधी, २० जून १९९२ला, सोडला: माणशी १५०० रूबलपर्यंत, दहा रूबलला एक क्रोन, म्हणजे एस्टोनियाचं नवं चलन, आणि आठ क्रोनला एक जर्मन मार्क. विजेची तार मात्र शेवटपर्यंत राहिली. रशिया-बेलारुसच्या जाळ्यातून तिन्ही देश ८ फेब्रुवारी २०२५ला बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्याशी जोडले गेले.

पाल्डिस्कीचा कडा पाहायचा तर स्टेशनपासून बरंच चालावं लागतं आणि वारा फार. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच टिपून ठेवावी. हेलसिंकीहून विमान असेल तर टालिनहून बोट दोन तासांत नेते, पण त्याच दिवशीचं उड्डाण धरताना मध्ये किमान पाच तास ठेवावेत. शरदातल्या वादळात बोटी उशिरा सुटतात.